एका चार्जचा पल्ला



साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर मोटारीच्या बॅटरीवर बोलायचे, आणि तेही एका होमिओपॅथी डॉक्टरने, हे काहींना वेगळे वाटेल. पण आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडी आल्यापासून दवाखान्यात येणारी मंडळी औषधाच्या पुड्या खिशात टाकल्यावर दाराशी थांबून एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, ही गाडी नागपूरला पोचते का?" आणि लगेच दुसरा, "आता हजार किलोमीटर चालणारी बॅटरी येते म्हणतात, मग थांबावे का?" दाराशी उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही. मंडळाने एक तास दिला आहे, तर ते नीट देण्याचा प्रयत्न करतो.

नागपूरचे नाव आपल्या तोंडी सहज येते याला कारण आहे. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत सीमारेषा पडली, पण आपल्या मुलींची सासरे, मुलांची कॉलेजे आणि अवघड आजारांची इस्पितळे तिकडेच राहिली. म्हणून एका चार्जमध्ये गाडी किती जाते, हा प्रश्न आपल्यापुरता गावाच्या भूगोलाचा प्रश्न आहे. गोंदिया साधारण पंचेचाळीस किलोमीटर. नागपूर पावणेदोनशे ते दोनशे, रस्ता कोणता धरता त्यावर अवलंबून. आजचे सगळे गणित मी या दोन आकड्यांवर मांडणार आहे.

युनिटांचा हिशोब

बॅटरीत किती वीज मावते हे किलोवॉट-तासांत सांगतात. हा शब्द अवघड वाटला तर सोडून द्या. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. पंचेचाळीस किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे पंचेचाळीस युनिट मावणारी टाकी. पेट्रोलच्या गाडीला आपण "लिटरला किती देते" असे विचारतो, तसे इथे "युनिटला किती किलोमीटर" असे विचारायचे. टाकीतली युनिटे गुणिले युनिटला किलोमीटर, म्हणजे पल्ला. सगळे शास्त्र या गुणाकारात आहे, आणि फसगतही याच गुणाकारात होते.

टाटाच्या नेक्सॉन गाडीचे उदाहरण घेऊ, कारण ती आपल्या गावात दिसते. २०२४ मध्ये तिची ४५ युनिटांची आवृत्ती आली. तिचा चाचणीतला पल्ला ४८९ किलोमीटर जाहीर झाला, म्हणजे युनिटला जवळजवळ अकरा किलोमीटर. पण त्याच कंपनीने प्रत्यक्ष रस्त्यावर ३५० ते ३७५ किलोमीटरची अपेक्षा धरा असेही सांगितले, म्हणजे युनिटला आठ. कंपनीचे दोन आकडे वेगळे का? पहिला प्रयोगशाळेतला आहे. आपल्या देशातल्या या चाचणीत गाडी रोलरवर चालवतात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. गाड्यांची तुलना करायला अशी ठरीव चाचणी लागतेच. रक्तदाब मोजताना रोग्याला पाच मिनिटे शांत बसवतो, तसेच हे. पण शांत बसलेल्या माणसाचा रक्तदाब म्हणजे दिवसभराचा रक्तदाब नव्हे.

आता मे महिना, दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीसवर, गाडीत चार माणसे, एसी जोरात आणि महामार्गावर काटा शंभराला टेकलेला, असे चित्र धरा. वेग ऐंशीवरून शंभरावर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून थोडा जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भर उन्हात एसी तासाला एक-दीड युनिट खातो. साडेतीन-चार तासांच्या प्रवासात त्यात पाच युनिटे गेली असे समजा. म्हणून नागपूरच्या हिशोबात मी युनिटला सहाच किलोमीटर धरतो. टाकी तळापर्यंत रिकामी करायची नाही, तेव्हा ४५ पैकी ४० युनिटे वापरायची. चाळीस गुणिले सहा, २४० किलोमीटर.

दाराशी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. एवढी बॅटरी असेल तर नागपूर एका दमात गाठता येते, परत येता येत नाही. येणे-जाणे मिळून चारशे किलोमीटर एका चार्जमध्ये हवे असतील तर अधिक मोठी टाकी पाहिजे. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आणलेल्या, पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ या गाडीत ७९ युनिटांची बॅटरी मिळते. माझ्या कडक सहाच्या हिशोबानेही ती चारशेच्या पुढे जाते. म्हणजे हे तंत्र उद्याचे नाही, आजचे आहे. पण त्यासाठी पावणेदोन पट बॅटरी विकत घ्यावी लागते आणि ती रोज अंगावर वागवावी लागते.

मोठी टाकी हा उपाय का पुरत नाही

मी ज्या वैद्यकात चाळीस वर्षे घालवली, त्यात मात्रा जितकी विरळ तितका गुण मोठा असे आम्ही मानतो. बॅटरीत हा नियम चालत नाही. तिथे गुण हवा तर माल भरावा लागतो, आणि मालाला वजन असते.

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिटांची ऊर्जा असते. आजच्या मोटारीच्या बॅटरीत, तिच्या पेटीसकट धरले तर, एका किलोत एक सप्तमांश युनिटही कष्टाने मावते. विजेची मोटार त्यातली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते आणि पेट्रोलचे इंजिन पाऊण हिस्सा उष्णतेत घालवते, म्हणून विजेच्या गाडीचे निभते. तरी ४५ युनिटांच्या बॅटरीचे वजन तीनशे किलोच्या आसपास जाते. चार धडधाकट माणसे कायमची डिकीत बसवल्यासारखे. टाकी दुप्पट केली की वजन वाढते, ते वाहणारी चौकट मजबूत करावी लागते, तिचेही वजन वाढते आणि युनिटला मिळणारे किलोमीटर कमी होतात. बॅटरी दुप्पट केल्याने पल्ला दुप्पट होत नाही.

आमच्या जैन परंपरेत अपरिग्रह सांगितला आहे, गरजेपेक्षा अधिक जवळ न बाळगणे. ज्याचे रोजचे जाणे-येणे हनुमान चौकापासून घरापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटरचे आहे, त्याने वर्षातल्या चार नागपूर खेपांसाठी रोज सहाशे किलो बॅटरी ओढणे हा परिग्रहच आहे. म्हणून शास्त्रज्ञांची खरी धडपड टाकी मोठी करण्यापेक्षा त्याच वजनात अधिक युनिटे भरण्याची आहे.

इथवर कसे आलो

२००१ मध्ये बंगळुरूची रेवा गाडी आली तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या, आपल्या इन्व्हर्टरला लावतो त्याच जातीच्या. एका चार्जमध्ये सुमारे ऐंशी किलोमीटर. शिशाच्या एका किलोत तीस-चाळीस वॉट-तास मावतात. हजार वॉट-तासांचे एक युनिट, हे ध्यानात ठेवा.

लिथियमने हे चित्र बदलले. लिथियम बॅटरीत दोन बाजू असतात आणि मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे कण धन बाजूतून निघून द्रवातून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. गाडी चालते तेव्हा तेच परत धन बाजूला येतात आणि त्या परतीच्या वाटेवर आपल्याला वीज देतात. धर्मशाळेच्या दोन इमारती आणि यात्रेकरूंची ये-जा डोळ्यांसमोर आणा. किती यात्रेकरू मावतात आणि दोन इमारतींच्या उंचीत किती फरक आहे, यावर ऊर्जा ठरते. या उंचीच्या फरकालाच व्होल्टेज म्हणतात.

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अशी पहिली बॅटरी दाखवली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी धन बाजूला कोबाल्टचे ऑक्साइड वापरून व्होल्टेज वाढवले. जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती सुरक्षित केली आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने स्टॉकहोमला नोबेल व्याख्यान दिले ते तामिळनाडूत जन्मलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून लोखंड आणि फॉस्फेट वापरलेली स्वस्त बॅटरी पुढे आली, त्या शोधनिबंधाचे पहिले नाव अक्षय पाढी यांचे. आज नेक्सॉनपासून महिंद्रापर्यंत आपल्याकडच्या बहुतेक गाड्या हीच बॅटरी वापरतात. तिला एलएफपी म्हणतात.

एलएफपी वजनाच्या मानाने वीज कमी भरते, पण उन्हाला दाद देत नाही, सहसा पेट घेत नाही आणि हजारो वेळा चार्ज होते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी त्याच वजनात बरीच जास्त वीज भरते, पण महाग पडते आणि उष्णतेच्या बाबतीत नाजूक असते. मधल्या काळात एक साधी युक्ती निघाली. २०२० मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने एलएफपीचे सेल लांब पात्यांसारखे करून मधल्या पेट्या काढून थेट मोठ्या पेटीत रचले. रसायन तेच, पण वाया जाणारी जागा वाचली आणि पल्ला वाढला. महिंद्राच्या नव्या गाड्यांत याच पद्धतीचे सेल आहेत. म्हणून "नवी बॅटरी" अशी बातमी आली की आधी विचारायचे, रसायन नवे आहे की रचना नवी? रचना दोन वर्षांत गाडीत येते. रसायनाला दहा-पंधरा वर्षे लागतात.

येऊ घातलेली चार तंत्रे

पहिले सिलिकॉन. ऋण बाजूच्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन त्याच वजनात जवळजवळ दहापट लिथियम धरते. अडचण अशी की लिथियम आत शिरले की सिलिकॉन तिपटीने फुगते, रिकामे झाले की आक्रसते, आणि काही महिन्यांत भुगा होतो. म्हणून आज ग्रॅफाइटमध्ये थोडे थोडे मिसळतात, कणकेत सोडा घालावा तसे. यातून मिळणारी वाढ दरवर्षी थोडी थोडी येत राहील, तिची बातमी मोठी होणार नाही.

दुसरे घन बॅटरी. मधले द्रव काढून त्या जागी घन पदार्थ घालायचा. मग ऋण बाजूला ग्रॅफाइटऐवजी शुद्ध लिथियमचा पातळ थर वापरता येतो आणि वजन खूप वाचते. द्रवाच्या बॅटरीत शुद्ध लिथियम वापरले की त्यावर सुयांसारखे कोंब फुटतात, ते पलीकडे पोचून आतल्या आत शॉर्ट होते. घन थर त्यांना अडवील ही आशा आहे. २०२५ मध्ये मर्सिडीजची अशी एक प्रायोगिक गाडी जर्मनीतील श्टुटगार्टहून स्वीडनमधील मालमोला मध्ये चार्ज न करता १,२०५ किलोमीटर गेली. हजार किलोमीटरची जी बातमी आपण ऐकतो ती या जातीची. ती खरी आहे. पण एक गाडी धावणे आणि लाखो सेल रोज एकसारखे निघणे यांत अंतर असते. घन पदार्थ घनाला सर्व बाजूंनी चिकटून राहिला पाहिजे, चार्ज होताना फुगला तरी सुटता कामा नये, आणि गंधकयुक्त घन पदार्थाला तर हवेतली दमट वाफही सोसत नाही, विषारी वायू सुटतो. टोयोटाने २०२७-२८ चे लक्ष्य ठेवले आहे. सुरुवातीला हे महागड्या गाड्यांत येईल. आपल्या आवाक्यातल्या गाडीत ते यायला त्यापुढेही काही वर्षे जातील.

तिसरे सोडियम. लिथियम मोजक्या देशांत मिळते, सोडियम मिठात आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने तयार केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले. किलोमागे १०० ते १७० वॉट-तास, असे त्यांनी सांगितले. चीनच्या सीएटीएल कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये १७५ चा सेल दाखवला. हे आकडे एलएफपीच्या जवळपास येतात, पुढे जात नाहीत. म्हणून सोडियमने पल्ला वाढणार नाही. पण गाडी स्वस्त होईल, थंडीत बॅटरी ढेपाळणार नाही, आणि ज्याला गोंदियापर्यंतच जायचे आहे त्याला ती पुरेल. स्कूटर, ऑटो आणि शेतातल्या सौरपंपासाठी तर ती फार उपयोगी. पल्ला न वाढवताही एखादे तंत्र आपल्या कामाचे असू शकते.

चौथे वेगवान चार्जिंग. मार्च २०२५ मध्ये बीवायडीने पाच मिनिटांत चारशे किलोमीटरचा चार्ज देणारी यंत्रणा दाखवली, पाठोपाठ सीएटीएलने पाचशेवीसचा दावा केला. चहा पिऊन होईतो टाकी भरत असेल तर पल्ल्याचा प्रश्नच सौम्य होतो. गोंदिया-जबलपूर नॅरोगेजचे वाफेचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. त्या इंजिनाच्या टाकीत जबलपूरपर्यंतचे पाणी मावत नव्हते. वाटेत पाण्याचे नळ होते, म्हणून गाडी जात होती. पण बीवायडीच्या त्या यंत्रणेला एका गाडीसाठी एक हजार किलोवॉटचा जोर लागतो. आपल्या मोहल्ल्यातला वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर बहुधा शंभर-दोनशेचा असतो, म्हणजे एका गाडीसाठी तसे पाच-दहा ट्रान्सफॉर्मर. बॅटरी घ्यायला तयार असली तरी गावाने द्यायला तयार असले पाहिजे.

भरवेलीचे मँगनीज

आता मी ज्या भागासाठी हा विषय घेतला तिथे येतो. नव्या बॅटऱ्यांच्या यादीत एक नाव पुन्हा पुन्हा येते, आणि ते आपल्या दारचे आहे.

बालाघाट म्हटले की मँगनीज. भरवेलीची खाण आज जमिनीखाली चारशे मीटरहून खोल गेली आहे. उकवा आणि तिरोडी याच जिल्ह्यात. १८९६ मध्ये इंग्रजांच्या सिंडिकेटने मध्य प्रांतात हे काम सुरू केले, त्यातूनच पुढे सीपीएमओ ही कंपनी झाली. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीने मॉयल उभी राहिली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या खाणीवर पेटली आहे. हे मँगनीज जाते मुख्यतः पोलादात. जगातले सुमारे नव्वद टक्के मँगनीज तिथेच जाते.

पण मँगनीजचे आणि बॅटरीचे नाते पोलादाच्या कारखान्यांइतकेच जुने आहे. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जो सेल केला, त्यात मँगनीज डायऑक्साइड होते. आपल्या टॉर्चचा आणि रेडिओचा सेल त्याचाच वंशज. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून टॉर्चच्या सेलला लागणारे हेच ऑक्साइड निघते, आणि मॉयलने तिथे विजेच्या साहाय्याने ते शुद्ध करण्याचा कारखानाही उभारला.

लिथियम बॅटरीत मँगनीज आले ते १९८० च्या दशकात. दक्षिण आफ्रिकेतून ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्याकडे आलेल्या मायकेल थॅकरे यांनी मँगनीजच्या ऑक्साइडात लिथियमला येण्या-जाण्याच्या वाटा सापडतात हे दाखवले. कोबाल्टपेक्षा ते कितीतरी स्वस्त. २०१० च्या निसान लीफ गाडीत तेच रसायन होते. पण अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या उन्हाळ्यात दोन वर्षांतच काही लीफ गाड्यांचा पल्ला लक्षणीय घटला, आणि २०१२ मध्ये त्यावर मोठी ओरड झाली. कारण असे की उष्णतेत मँगनीज हळूहळू द्रवात विरघळते आणि पलीकडच्या बाजूवर जाऊन बसते. अॅरिझोनाचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत फार फरक नाही, म्हणून ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मँगनीज आता दोन वाटांनी परत येते आहे. एक, एलएफपीतल्या लोखंडाच्या बऱ्याच भागाच्या जागी मँगनीज घालायचे. लोखंड सुमारे साडेतीन व्होल्टवर काम करते, मँगनीज चारच्या थोडे वर. इमारत तीच, उंची वाढली, म्हणून त्याच वजनात पंधरा-वीस टक्के जास्त वीज. आपल्या २४० किलोमीटरचे पावणेतीनशेहून थोडे जास्त होतील. दुसरी वाट अधिक मोठी आहे. मे २०२५ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी यांनी भरपूर मँगनीज, थोडे निकेल आणि नाममात्र कोबाल्ट असलेल्या सेलची घोषणा केली. तितक्याच खर्चात एलएफपीपेक्षा एक तृतीयांश जास्त वीज असा त्यांचा दावा आहे आणि २०२८ पासून ते बनवण्याचे ठरले आहे. तसे झाले तर आपल्या ४५ युनिटांच्या जागेत साठ युनिटे मावतील. चाळीसऐवजी ५३ वापरता येतील, म्हणजे युनिटला सहा धरून ३२० किलोमीटर. हवामान जरा बरे असेल आणि वेग ऐंशीवर ठेवला, तर नागपूरहून परत येताना घर दिसू लागेल. या रसायनाची जुनी खोड म्हणजे वापरता वापरता त्याचे व्होल्टेज उतरत जाते. ती खोड मोडली का, आणि चव्वेचाळीस अंशांत मँगनीज जागेवर राहते का, हे दोन प्रश्न विचारूनच आपण ते घ्यायचे.

आता एक टोचणारी गोष्ट. भरवेलीचा दगड जसाच्या तसा बॅटरीत जात नाही. त्याचे अतिशुद्ध मँगनीज सल्फेट करावे लागते, आणि बॅटरीच्या दर्जाचे हे सल्फेट जगात नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होते. शतकाहून अधिक काळ आपण दगड काढला आणि गाडीत भरून पाठवला. दगडाची किंमत आपल्याला मिळाली, त्यातल्या शास्त्राची किंमत दुसऱ्याला. मलाजखंडच्या तांब्याचेही थोडेफार तेच. एका इलेक्ट्रिक गाडीत साध्या गाडीच्या तीन-चार पट तांबे लागते. या जिल्ह्याच्या जमिनीत नव्या गाडीचे दोन महत्त्वाचे धातू आहेत आणि आपल्या मुलांना नोकरीसाठी मात्र पुण्याला जावे लागते. आपल्या शाळांतून रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना खाण पाहायला नेतो तसे हेही सांगितले पाहिजे, की दगडापासून सल्फेटपर्यंतचा प्रवास हा पुढच्या वीस वर्षांतला मोठा उद्योग आहे आणि तो खाणीजवळ उभा राहू शकतो.

मग थांबावे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन संपवतो. नव्या बॅटरीची कोणतीही बातमी आली की चार गोष्टी विचारा. किलोमागे वीज किती वाढली? आपल्या उन्हात किती वर्षे टिकेल? किती वेळात भरते, आणि तेवढा जोर देणारा खांब आपल्या वाटेवर आहे का? किंमत काय? सिलिकॉन आणि घन बॅटरी पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर देतात, सोडियम चौथ्याचे, वेगवान चार्जिंग तिसऱ्याच्या अर्ध्या भागाचे. मँगनीज पहिल्याचे आणि चौथ्याचे देऊ पाहते, दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे. चारही उत्तरे एकदम देणारी बॅटरी अजून कोणी दाखवलेली नाही.

म्हणून ज्याची रोजची धाव गावातली आहे आणि घरी गाडी लावायला जागा व पंधरा अँपिअरचा प्लग आहे, त्याने थांबायचे कारण नाही. साध्या प्लगमधून तासाला तीन युनिटे जातात. नागपूरला बहिणीकडे रात्री आठला पोचून सकाळी सातला निघालात तर अकरा तासांत तेहतीस युनिटे, म्हणजे दोनशे किलोमीटर. परतीची सोय झाली. आपल्याकडे नागपूरला जाऊन मुक्काम न करता परत आलेले बहिणीला चालतही नाही. ज्याला महिन्यातून आठ वेळा धंद्यासाठी जाऊन त्याच दिवशी परत यावे लागते, त्याने मोठी बॅटरी घ्यावी, नाहीतर २०२८ च्या सुमारास काय येते ते पाहावे.

एक सूचना मात्र डॉक्टर म्हणून करतो, कारण पल्ल्याचा प्रश्न कधी कधी जिवाशी येतो. रात्री अकराला घरात कोणाच्या छातीत दुखू लागले आणि गोंदियाला न्यायची वेळ आली, तर बॅटरी किती टक्के आहे याला फार महत्त्व येते. गोंदिया जाऊन येणे नव्वद किलोमीटर, म्हणजे पंधरा युनिटे, ४५ च्या टाकीचा एक तृतीयांश. नागपूरला एकेरी जायला तेहतीस, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश. तेव्हा घरात वृद्ध किंवा हृदयरोगी असतील तर रात्री गाडी तीन चतुर्थांशाच्या खाली ठेवू नका, संध्याकाळी प्लग लावून टाका. एलएफपी बॅटरीला पूर्ण भरण्याचे फारसे वावडे नसते. भर उन्हात उभी राहून तापलेली गाडी लगेच वेगवान चार्जरला लावू नका, सावलीत थोडी निवू द्या. पुढच्या वर्षी नवे रसायन येवो की न येवो, या दोन सवयी आजच्या बॅटरीचा पल्ला हाताशी ठेवतील आणि तिचे आयुष्यही वाढवतील.